कमरेत वळणारा ट्रॅक्टर आणि उलाळ गाडीचा हिशोब

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर आणि शेतीच्या बहुतेक अवजारांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. तेव्हापासून आमच्या वर्कशॉपवर चौकशा वाढल्या आहेत, आणि त्यातली एक तर दर आठवड्याला ठरलेली. समोरचा माणूस मोबाईल काढून व्हिडिओ दाखवतो. त्यात एक बुटकं, चार सारख्या चाकांचं यंत्र असतं. ते बकेटने शेणखत भरतं, दोन मिनिटांत बकेट सोडून गवत कापायचं अवजार उचलतं, मग जमिनीत खड्डे पाडतं. आणि वळताना त्याची चाकं वळत नाहीत, ते स्वतःच मधोमध वाकतं. "दादा, हे आपल्याकडे मिळंल का? नाहीतर माझ्या छोट्या ट्रॅक्टरला असं काही करून देता का?"

प्रश्न रास्त आहे. मजूर मिळत नाहीत, बागेच्या ओळी अरुंद आहेत, आणि एकाच इंजिनावर दहा कामं झाली तर कुणाला नको आहेत? पण चर्चा लगेच एचपीवर जाते. किती एचपीचं यंत्र, किती एचपीचं अवजार. खरं तर अशा यंत्राचं यश दोन हिशोबांवर ठरतं. वजन कुठे बसतं, हा पहिला आणि तेल किती वाहतं, हा दुसरा. हे दोन समजले की कुठलं अवजार घ्यावं आणि यंत्रात कुठला बदल करावा, हे ज्याचं त्याला ठरवता येतं.

## कमरेत वळणं म्हणजे काय

नेहमीच्या ट्रॅक्टरचं धड सरळ राहतं आणि पुढची चाकं वळतात. या यंत्रात धडाचेच दोन भाग असतात. पुढच्या भागाला दोन चाकं, मागच्या भागाला दोन, आणि दोन्ही भाग मध्ये एका जाड उभ्या पिनवर बिजागरीसारखे जोडलेले. स्टिअरिंग फिरवलं की हायड्रोलिक जॅक ही बिजागरी वाकवतो. अशा रचनेला 'आर्टिक्युलेटेड' म्हणतात. मी पुढे 'कमरेत वळणारा' असंच म्हणेन.

हे तुम्ही पाहिलेलं आहे. रस्त्याच्या कामावर पुढे एकच मोठा लोखंडी ड्रम असलेला माती दाबायचा रोलर असतो, तो असाच कमरेत वळतो. खडी क्रशरवरचा मोठा लोडरही तसाच.

याचे दोन फायदे आहेत. पिन दोन्ही आसांच्या बरोबर मध्ये असेल, तर मागची चाकं पुढच्या चाकांच्याच मागावरून जातात. आपल्या ट्रॅक्टरची मागची चाकं वळणावर आत कापतात, म्हणून ओळीच्या टोकाला मांडवाच्या खांबाला मडगार्ड घासतं. जागाही कमी लागते. दोन आसांमधलं अंतर १.१ मीटर आहे आणि यंत्र ४५ अंशांत वाकतं असं धरलं, तर आसाचा मध्यबिंदू साधारण १.३ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरतो. बाहेरचं चाक आणि अवजार धरून थोडी जास्त जागा लागेल, तरी पुढे-मागे न करता एका दमात वळण होतं.

दुसरा फायदा व्हिडिओत चटकन दिसत नाही. बऱ्याच यंत्रांत कमरेचा हा जोड आडवा पिळही खातो. उंचसखल अंगणात बाज टाकली की एक पाय अधांतरी राहतो. हीच बाज मधून पिळू शकली असती, तर चारही पाय जमिनीला टेकले असते. म्हणून बांध, चर, दगड असले तरी अशा यंत्राची चारही चाकं जमीन धरून राहतात. याच पिळाचा एक धोकाही आहे, तो पुढे सांगतो.

ही कल्पना अनेक ठिकाणी आपापल्या गरजेतून रुजली. भूमिगत खाणींतल्या बोगद्यांत यंत्र बुटकं हवं आणि जागेवर वळायला हवं, म्हणून तिथले लोडर कमरेत वळणारे असतात. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या टॅझवेल या कोळशाच्या पट्ट्यात पॉवर ट्रॅक कंपनी अशी छोटी यंत्रं बनवते. (आपल्याकडचा पॉवरट्रॅक म्हणजे एस्कॉर्ट्सचा ट्रॅक्टर. नाव सारखं असलं तरी दोघांचा संबंध नाही.) ओहायोतल्या स्टायनर कुटुंबाने आधी स्टायनर आणि मग व्हेंट्रॅक ही यंत्रं काढली. व्हेंट्रॅक २०२० मध्ये टोरो कंपनीने विकत घेतली. फिनलंडच्या युलोयार्वी गावात १९९१ साली सुरू झालेली अवांत कंपनी आज अशा यंत्रासाठी दोनशेच्या वर अवजारं देते. इटलीत पादोवाजवळचे आंतोनियो कारारो डोंगरउताराच्या द्राक्षबागांसाठी चार सारख्या चाकांचे अरुंद ट्रॅक्टर बनवतात, त्यातले काही कमरेत वळतात. फिनलंडला बर्फ आणि गोठा सांभाळायचा होता, ओहायोला हिरवळ आणि उतार, इटलीला द्राक्ष. जशी गरज, तसं यंत्र. आपली गरज कोणती, हे ठरवायच्या आधी नुसता व्हिडिओ पाहून भुलू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

## हात एक, पंजे अनेक

आपण अवजार ट्रॅक्टरच्या मागे जोडतो. मागे टॉप लिंक, खाली दोन आर्म आणि मध्ये पीटीओ, म्हणजे इंजिनाचा जोर अवजाराला देणारा फिरता शाफ्ट. चालक पुढे पाहतो आणि काम मागे होतं, म्हणून मान सारखी वळवावी लागते. या यंत्रांत बहुतेक अवजारं पुढे येतात. हाताच्या टोकाला एक पत्रा असतो. त्याला अवजार अडकवायचं, दोन पिना घालायच्या, तेलाच्या नळ्या जोडायच्या, झालं. बकेट, फोर्क, खड्डे मारायचं ऑगर, चर खणायचं यंत्र, गवताचं कटर, झाडाचं खोड किसून काढणारं चाक, झाडू, छोटा बॅकहो, ओंडके पकडायचा पंजा, अशी ही यादी लांबत जाते.

अवजाराला जोर देण्याचे दोन मार्ग आहेत. स्टायनर आणि व्हेंट्रॅक पट्ट्याने देतात, पिठाच्या गिरणीत मोटरवरून जात्याला जातो तसा. त्यात जोर फार वाया जात नाही, पण अवजार पट्ट्याच्या रेषेतच बसावं लागतं. अवांत आणि पॉवर ट्रॅक तेलाने देतात. इंजिन पंप फिरवतं, पंप तेल ढकलतो आणि अवजारावरची मोटर त्या तेलाने फिरते. नळी कुठूनही वळवून नेता येते, म्हणून अवजार वर उचलूनही चालतं. याची किंमत तेलाच्या हिशोबात मोजावी लागते.

## पहिला हिशोब: गाडी उलाळ होऊ नये

ज्यांनी बैलगाडी भरली आहे त्यांना हा हिशोब शिकवावा लागत नाही. आसाच्या मागे माल जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. ते होऊ नये म्हणून भरताना माल पुढे सरकवतात. आस म्हणजे तराजूचा काटा. एका बाजूला माल, दुसऱ्या बाजूला जू आणि बैल.

बकेट लावलेलं यंत्र असंच, फक्त उलट दिशेने. इथे काटा आहे पुढच्या चाकांची आस. पुढे बकेटमधला माल, मागे यंत्राचं वजन. आकडे घालून पाहू. मागच्या चाकांवर ४०० किलो वजन आहे आणि दोन आसांतलं अंतर १.१ मीटर. दोन्हींचा गुणाकार ४४०. माल पुढच्या आसापासून १ मीटर पुढे असेल, तर ४४० किलोला मागची चाकं हवेत येणार. फोर्क लांब म्हणून माल दीड मीटरवर गेला, तर २९३ किलोलाच. इंजिन तेच, जॅक तोच, माल अर्धा मीटर पुढे सरकला एवढंच.

आता एक गोष्ट अशी की जी खरेदी करताना कुणी सांगत नाही. दुसऱ्या कंपनीचं अवजार स्वस्तात मिळतं, पण त्याचा पत्रा आपल्या यंत्राला बसत नाही. मग मध्ये जोडपट्टी करून घेतात. ती समजा ४० किलोची आणि १० सेंटिमीटर जाडीची आहे. तिचं वजन काट्यापासून ०.९ मीटरवर धरलं, तर तिने आपल्या ४४० मधले ३६ खाल्ले. उरले ४०४. माल आता १.१ मीटरवर गेला, म्हणजे ३६७ किलो. चार बोटं जाडीच्या लोखंडाने ७० किलोंच्या वर क्षमता कमी केली. म्हणून जोडपट्टी करायचीच असेल तर ती पातळ आणि हलकी करा, आणि जमलं तर अवजाराचाच मागचा पत्रा बदलून घ्या.

उलाळ होण्याचं वजन म्हणजे उचलायचं वजन नव्हे, हेही डोक्यात पक्कं असावं. बकेटसाठी त्याच्या निम्म्यावर थांबायची पद्धत आहे, कारण शेत सपाट नसतं आणि ब्रेक दाबला की माल पुढे झेपावतो.

उपाय अर्थातच पासंग. मागच्या आसाच्याही मागे ४० सेंटिमीटरवर १०० किलो लोखंड टांगलं, तर काट्यापासून त्याचं अंतर १.५ मीटर. म्हणजे १५० ची भर, ४४० चे ५९० झाले. म्हणून या यंत्रांवर लोक सगळ्यात आधी करतात तो बदल मागच्या वजनांचाच. टायरमध्ये पाणी भरणं आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. तेही चांगलं, कारण वजन खाली बसतं. थंड देशांत पाणी गोठतं म्हणून त्यात क्षार मिसळतात. आपल्याला त्याची गरज नाही, आणि क्षाराने रिम गंजते.

## वळल्यावर काटा सरकतो

कमरेत वळणाऱ्या यंत्राची खरी गोम इथे आहे. सरळ उभं असताना मागचं वजन मालाच्या बरोबर मागे असतं. पूर्ण वळलं की ते एका बाजूला जातं. वरच्याच यंत्राला ४५ अंशांत वाकवलं, तर मागच्या आसाचं काट्यापासूनचं अंतर १.१ वरून ०.९४ मीटरवर येतं आणि ४४० चे ३७६ होतात. सरळ असताना निवांत उचललेला माल वळताना मागचं चाक उचलतो, तो यामुळे.

त्यात कमरेचा पिळ. माल वर धरला आणि पुढचं धड एका अंगाला कललं, तर मागचं धड लगेच मदतीला येत नाही. पिळाची मर्यादा संपेपर्यंत पुढचं धड एकटंच कलत जातं. चालकाची जागा मागच्या धडावर असेल, तर त्याला सगळं स्थिर वाटत असतं, आणि धोका पुढे सुरू झालेला असतो. म्हणून या यंत्रांवर माल नेताना बकेट गुडघ्याच्या खाली ठेवतात, वर घेतात ती रिकामी करण्यापुरती, तीही यंत्र सरळ करून. उतारावर भरलेली बकेट चढाच्या बाजूला ठेवतात. खाली उतरायचं असेल तर मागे मागे उतरतात. काही जण चाकांना स्पेसर, म्हणजे चाक बाहेर सरकवणाऱ्या जाड चकत्या, लावून यंत्र रुंद करतात. त्याने कलंडण्याची भीती कमी होते हे खरं, पण चाक बाहेर गेलं की बेअरिंगवरचा ताण वाढतो, आणि ज्या अरुंद ओळीसाठी यंत्र घेतलं तिच्यात ते मावेनासं होतं.

## दुसरा हिशोब: तेल

हायड्रोलिकचं नाव काढलं की लोक घाबरतात. खरं तर हा नळाच्या पाण्याइतका सरळ विषय आहे. टाकी जितकी उंच तितका नळाला दाब जास्त. पाइप जितका मोठा तितकं पाणी जास्त. दाब म्हणजे किती जोराने, प्रवाह म्हणजे किती भराभर. तेलाचंही असंच. दाब बारमध्ये मोजतात, प्रवाह मिनिटाला किती लिटर त्यावर. दोन्हींचा गुणाकार करून ६०० ने भागलं की किलोवॅट मिळतात. ३० लिटर आणि १५० बार असेल तर साडेसात किलोवॅट, म्हणजे दहा एचपी. पंपात आणि मोटरमध्ये थोडा जोर वाया जातो, त्यामुळे इंजिनाचे साधारण चार एचपी लावले की अवजाराच्या शाफ्टवर तीन पोहोचतात असं धरून चाला.

यंत्राचं इंजिन पंचवीस एचपीचं असलं, तरी अवजारासाठी वेगळा काढलेला प्रवाह ३० लिटरचा असेल तर अवजाराला दहाच एचपी दिसतात. अवजारावर लिहिलेली मागणी ६० लिटरची असेल, तर ते निम्म्या वेगाने फिरेल. खड्डे मारायच्या ऑगरला हे चालून जातं, खड्ड्याला वेळ लागेल एवढंच. पण गवताच्या कटरची पाती निम्म्या वेगाने फिरली तर ती गवत कापत नाहीत, ओढून फाडतात, आणि शाफ्टला गवत गुंडाळलं जातं.

मग मोटर बदलतात. एका फेऱ्याला १०० सीसी तेल घेणारी मोटर ३० लिटरमध्ये मिनिटाला ३०० फेरे करते. ५० सीसीची मोटर ६०० करते, पण तिचा पिळण्याचा जोर निम्मा होतो. सायकलच्या गिअरसारखंच. चढावर वेग सोडून जोर घ्यायचा, सपाटीला जोर सोडून वेग. एकूण ताकद वाढत नाही, वाटणी बदलते. मोटर बदलून जास्त काम होईल असं कुणी सांगितलं, तर त्याला प्रवाह किती आहे ते आधी विचारा.

आणि उष्णता. जो जोर वाया जातो त्याची उष्णताच होते. वर म्हटलेल्या चारातल्या एका एचपीने तेल तापतं. फिनलंडच्या हिवाळ्यात ते आपोआप निवतं, मालेगावच्या मे महिन्यात निवत नाही. तेल ८० अंशांच्या वर राहू लागलं की पातळ होतं, जोर पडत नाही, सील कडक होऊन गळू लागतात. सकाळी चांगलं चालणारं अवजार दुपारी ढिलं पडतं, याचं कारण बहुतेक वेळा हेच. पंखा असलेला ऑइल कूलर बसवणं हा आपल्या हवेत सगळ्यात उपयोगी बदल आहे. तेलाचा नंबर, म्हणजे त्याचा दाटपणा, हाही महत्त्वाचा. थंडीत ३२ किंवा ४६ चालतं, उन्हाळ्यात ६८ लागतं, पण कंपनीच्या पुस्तकात काय दिलंय ते पाहूनच बदला.

काही अवजारांच्या मोटरला दोन जाड नळ्यांबरोबर तिसरी एक बारीक नळी असते. मोटरच्या आत झिरपलेलं तेल ती टाकीत परत नेते. जोडायला जागा दिसली नाही म्हणून तिला बूच मारलेलं मी पाहिलं आहे. आत तेल साचलं, दाब वाढला आणि पहिल्याच अर्ध्या तासात शाफ्टचं सील बाहेर आलं. बारीक आहे म्हणून ती बिनकामाची समजू नका. तिला सरळ टाकीत, वाटेत काही न अडवता नेऊन सोडा.

## मग जास्त एचपी घेतला की झालं ना?

नाही. जास्त एचपीने पंप मोठा होईलच असं नाही, आणि मागचं वजन तर मुळीच वाढत नाही. खरेदी करताना विक्रेत्याला चार आकडे लिहून मागा. अवजाराच्या लाईनचा प्रवाह, दाब, सरळ असताना उलाळ होण्याचं वजन, आणि पूर्ण वळलेलं असतानाचं. चौथा आकडा मिळाला नाही तर तिसऱ्यावर विसंबू नका.

आपल्याकडच्या ट्रॅक्टरसाठी मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेत चाचण्या होतात. त्या अहवालात वजन, पीटीओचा जोर, उचलायची क्षमता हे सगळं छापलेलं असतं. जाहिरातीपेक्षा तो वाचावा.

## आपला नांगर, रोटाव्हेटर याला चालेल का?

नांगर ओढायला वजन लागतं. चाकं मातीत घसरू न देता यंत्र आपल्या वजनाच्या जेमतेम निम्म्याइतकं ओढतं. सातशे किलोचं यंत्र तीनशे-साडेतीनशे किलोच्या ओढीपुढे गेलं की चाकं जागेवर फिरतात. आपल्या तीन पॉइंटच्या जोडणीत, जी हॅरी फर्ग्युसनने जगाला दिली, नांगराची ओढच मागच्या चाकांना जमिनीत दाबते. पुढे अवजार लावणाऱ्या हलक्या यंत्राला हा फायदा मिळत नाही. तेव्हा नांगरटीसाठी हे यंत्र नव्हे.

काही यंत्रांत चारही चाकांना वेगवेगळ्या तेलाच्या मोटर असतात. त्यातलं एक चाक खड्ड्यात हलकं झालं की तेल सोपी वाट धरतं, त्याच चाकाकडे पळतं, आणि बाकीची तीन उभी राहतात. प्रवाह वाटून देणारा व्हॉल्व्ह टाकून यावर उपाय करतात, पण त्यात पुन्हा थोडा जोर आणि थोडी उष्णता जाते.

रोटाव्हेटर आणि ब्लोअर (पंख्याने औषध फवारणारं यंत्र) मात्र ५४० आरपीएमच्या पीटीओसाठी बनलेले आहेत. द्राक्षाच्या ब्लोअरचा पंखा आणि पंप मिळून चोवीस एचपीच्या ट्रॅक्टरचा बराचसा जोर खातात. तेलाच्या दहा एचपीवर तो ओढणार नाही.

## मग आपल्या बागेत याचं काम काय?

नाशिककडच्या द्राक्षबागेत दोन ओळींत आठ-नऊ फूट अंतर असतं. वर वाय आकाराचा मांडव. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, आणि त्यानंतर मणी तयार होईपर्यंत फवारण्यांची रांग. वर्षाचं सगळ्यात जास्त काम ब्लोअरचं असतं. त्यासाठी चोवीस ते अठ्ठावीस एचपीचा अरुंद ट्रॅक्टरच योग्य आहे. तो तालुक्याच्या गावी दुरुस्त होतो, त्याचे पार्ट मिळतात आणि पोराला चालवता येतो. बाहेरचं यंत्र आणलं, आणि ऐन फुलोऱ्यात त्याचं एक सील परदेशातून यायची वाट पाहत बसलो, तर त्या वाकण्याचा काय उपयोग?

कमरेत वळणारं यंत्र शोभतं ते मुक्त गोठ्यात, कुक्कुटपालनाच्या शेडमध्ये, मोठ्या नर्सरीत, पॅकहाऊसच्या आवारात. म्हणजे जिथे दिवसभर उचला, वळा, ठेवा हेच काम आहे. बागाईतदाराने हे यंत्र न घेता त्यामागचा विचार घ्यावा. अवजार झटपट बदलता यावं, आणि जोर नळीतून कुठेही नेता यावा, हा विचार.

तो आपल्या ट्रॅक्टरवर आणता येतो. छोट्या ट्रॅक्टरच्या स्वतःच्या हायड्रोलिकचा प्रवाह पंधरा-वीस लिटरच्या घरात असतो, म्हणजे फार तर सहा-सात एचपी. डंपिंग ट्रॉली उचलायला तो पुरतो, मोटर फिरवायला अपुरा. त्यापेक्षा पीटीओवर वेगळा पंप आणि त्याची वेगळी टाकी घ्यावी. ५४० फेऱ्यांत ३० लिटर हवे तर ५५ सीसीचा पंप लागतो. टाकी मिनिटाच्या प्रवाहाच्या दुप्पट-तिप्पट, म्हणजे साठ ते नव्वद लिटर, नाहीतर तेल निवायला वेळ मिळत नाही. एवढी भरलेली टाकी तिच्या सांगाड्यासकट शंभर किलोंच्या आसपास जाते, आणि ती मागच्या लिंकेजवर टांगलेली असते. म्हणजे पुढच्या अवजाराला पासंगही तिचाच होतो. दोन्ही हिशोब एकाच टाकीत सुटतात, म्हणून हा बदल मला फार आवडतो.

## गावच्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेऊ का?

अवजार करून घ्या, खुशाल घ्या. आपल्याकडचे फॅब्रिकेटर नुसतं बघून काम उचलतात, आणि बकेट, फोर्क, वजनांचा सांगाडा, टाकीचा स्टँड यात अवघड काही नाही. मात्र यंत्राच्या दोन जागांना वेल्डिंग किंवा ड्रिल लावू देऊ नका. एक, कमरेच्या पिनजवळची चेसिस. तिथे सगळे ताण एकवटतात, आणि वेल्डिंगच्या कडेला तडा जातो. दुसरी, चालकाच्या डोक्यावरची संरक्षक कमान. यंत्र उलटलं तर ती किती वाकावी आणि कुठे थांबावी हे तपासून ठरवलेलं असतं. दिवा लावायला पाडलेलं एक भोकही तो हिशोब बिघडवतं. दिवा क्लॅम्पने लावा.

कायद्याचंही पाहा. ट्रॅक्टर नोंदणी झालेलं वाहन आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. जोडून सोडता येणारं अवजार वेगळं, आणि आस, चेसिस, इंजिन बदलणं वेगळं. अपघात झाला तर विम्याचा माणूस पहिल्यांदा हेच पाहतो.

नळ्यांच्या बाबतीत मात्र काटकसर नको. नळीवर छापलेला चालू दाब आणि तिचा फुटण्याचा दाब यांत चौपटीचं अंतर हवं. आणि गळती कधीही हाताने चाचपू नका. दीडशे बारचं तेल सुईच्या भोकातून आलं तर कातडीत शिरतं. वरून काटा टोचल्यासारखा ठिपका दिसतो, सुरुवातीला दुखतही नाही, आणि आत तेल मांस कुजवत जातं. असं झालं तर हळद लावून घरी थांबायचं नाही. त्याच तासाला शस्त्रक्रियेची सोय असलेला दवाखाना गाठायचा, आणि डॉक्टरांना सांगायचं की दाबाचं तेल आत गेलंय. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा नळीजवळून फिरवा, डाग पडेल तिथे गळती.

## भुईकाट्यावर

गेल्या वर्षी एका बागाईतदाराने, त्यांना अण्णा म्हणू, अठ्ठावीस एचपीच्या ट्रॅक्टरला पुढे बकेट बसवून घेतली. वळताना मागचं अंग हलकं लागतं, म्हणाले. आम्ही काही न उघडता आधी बाजार समितीजवळच्या भुईकाट्यावर गेलो. फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची, मग सगळा ट्रॅक्टर. दहा मिनिटांचं काम. काटा पाच-दहा किलोंनी चुकला तरी आपल्याला चालतो.

रिकाम्या बकेटला मागच्या चाकांवर ६४० किलो. तीनशे किलो खत भरलं तर मागे उरले ३८०, आणि पुढच्या आसावर १४३० किलो. अण्णा आकडा बघून गप्प झाले. ज्या आसाला ते रोज स्टिअरिंग जड झालं म्हणून ग्रीस मारत होते, ती हे सगळं वाहत होती.

मग मागे रोटाव्हेटर उचलून धरला आणि पुन्हा काटा केला. मागे ७७०, पुढे १२९०. मागचं अंग सावरलं, पण पुढचा आकडा अजून मोठाच होता. म्हणून खत दोनशे किलोवर आणलं. आता पुढे ११०० आणि मागे साडेआठशेच्या वर. ट्रॅक्टरच्या पुस्तकातली पुढच्या आसाची मर्यादा काढून पाहिली, हा आकडा तिच्या आत बसला.

अण्णांनी तिथेच काट्यावरच्या पोराकडून पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा मागून घेतला, आणि बकेटच्या आतून दोन्ही बाजूंना बोटभर जाडीची रेघ ओढली. खत तिथपर्यंतच.